विहिरीतला फत्तर आणि समुद्रतळाचा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. "टँकरचं पाणी पिऊन वाढलेली मी समुद्रतळाच्या बेसॉल्टवर काय काम करणार?" असं विचारतेस. अगं, तू बेसॉल्टवरच वाढलीस. वडिलांची विहीर खणताना मुरूम संपून काळा फत्तर लागला, तो कोणता होता?

फरक आहे तो खालच्या खडकाचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडलं, त्यात ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि गाळाच्या पातळ थराखाली खंडाचा जुना खडक, ग्रॅनाइट-नाइस, लागला. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा असल्या खडकांतून वर आला आणि वाटेत कुठे कुठे त्यांचा अंशही घेत आला. म्हणून काही थरांत स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ (एकाच मूलद्रव्याचे दोन वजनांचे अणू) यांचं गुणोत्तर ०.७१ च्याही वर जातं. हिंदी महासागराच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या ताज्या दगडात ते ०.७०३ च्या आसपास राहतं. तिथे प्लेटा दूर सरकतात, खालचं प्रावरण (कवचाखालचा खोल खडक) वर येतं, दाब उतरतो आणि जास्तीची उष्णता न मिळताही ते थोडं वितळतं. वाटेत खंड नाही. (पुरतं खरं नाही हे. हिंदी महासागराच्या बेसॉल्टमधल्या शिशाच्या अणूंची अशीच गुणोत्तरं अटलांटिक-पॅसिफिकपेक्षा वेगळी निघतात. खंडाचा जुना तळच प्रावरणात मिसळला असावा, असं काही जण मानतात. त्या वादात पहिल्या वर्षी पडू नकोस.)

'ताजा' या शब्दाकडे मात्र लक्ष दे. समुद्राच्या पाण्यात हेच गुणोत्तर ०.७०९ आहे. दगड तळाशी मुरत राहिला की ते वाढतं, पोटॅशियम, रुबिडियमही आत शिरतं. पाण्याने वाढवलेला आकडा आणि खंडाने वाढवलेला आकडा यंत्राला सारखाच. म्हणून उशीलाव्हाची (पाण्याखाली उशांच्या आकारात गोठलेल्या लाव्हाची) काचेसारखी कड आधी शोध, कारण पाण्यात पडताक्षणी गोठलेला भाग तोच. काच नसेल तर चुरा आम्लाने धुऊन मगच स्ट्रॉन्शियम मोज. आणि मुरलेल्या दगडात पोटॅशियमपेक्षा नायोबियम, झिर्कोनियम, टायटॅनियमवर विसंब; ती सहसा जागची हलत नाहीत.

एमएस्सीला मी वेरूळकडचा दगड पोकळ्यांत पाण्याने मागाहून भरलेल्या गारगोट्यांसकट दळला होता. आकडे बघून आठवडाभर नवा शोध लागल्याच्या थाटात फिरलो. सरांनी उरलेला तुकडा भिंगाखाली धरला, बोलले काहीच नाहीत.

दिवाळीला येशील तेव्हा विहिरीच्या ढिगातला मुठीएवढा तुकडा आण. गारगोटी नसलेला.

तुझे सर
अंबाजोगाई