शिवणघर : ओव्हरलॉकबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार धाग्यांचं घरगुती ओव्हरलॉक घेतलं. दुकानातून धागे ओवूनच मिळाले होते, तोवर शिलाई सुरेख येत होती. मग खालच्या लूपरचा धागा तुटला. तो पुन्हा ओवला, पण आता चार टाके पडले की तुटतो. लूपर बिघडला का? (सातारा)

उत्तर : लूपर बहुधा ठणठणीत आहे, ओवण्याचा क्रम चुकतो आहे. ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड पात्याने कापत तिच्यावर धाग्यांची जाळी विणणारं मशीन. त्याला बॉबिन नसते. सुयांचे धागे खाली उतरतात आणि दोन लूपर, म्हणजे धागा वाहणारे आकडे, त्यांत आपले धागे गुंतवत कापडाच्या कडेवर जाळी विणतात. सुयांत धागा असताना खालचा लूपर ओवला, तर त्याचा धागा सुईच्या धाग्यात अडकून बसतो आणि मशीन सुरू होताच तटकन तुटतो. म्हणून आधी दोन्ही सुयांचे धागे नेढ्यातून काढून घ्या. मग खालचा लूपर ओवा, नंतर उजवी सुई, शेवटी डावी. सगळंच नव्याने ओवायचं असेल, तर बहुतेक मशीनवर वरचा लूपर, खालचा लूपर आणि मग सुया हा क्रम असतो. तुमच्या मशीनचा नक्की क्रम झाकणाच्या आतल्या रंगीत चित्रात दिलेला असतो, तोच पाळा.

ओवताना प्रेसर फूट वर ठेवा. बऱ्याच मशीनवर फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे धाग्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. मग धागा त्यांच्यात न बसता वरूनच जातो. ओवून झाल्यावर फूट खाली घेऊन प्रत्येक धागा हलकेच ओढा. हाताला अडकल्यासारखा लागला पाहिजे. मागचा धागेदांडा पूर्ण उंच केला आहे ना, हेही पाहा. तो अर्धवट राहिला की कोनावरचा धागा हिसके खातो आणि खापर लूपरवर फुटतं. पायडल दाबण्याआधी चाक हाताने पाच-सहा वेळा फिरवा. साखळी बनताना दिसली, तरच पुढे जा.

रंग बदलताना सगळं उपसायची गरज नाही. जुना धागा कोनाजवळ कापून नव्याला घट्ट गाठ मारा, टेन्शन शून्यावर आणा आणि सावकाश चालवा. लूपरमधून गाठ निघून जाते. सुईच्या नेढ्यातून मात्र ती जात नाही. म्हणून सुईच्या आधी थांबून गाठ कापा आणि सुई हाताने ओवा.

प्रश्न : कडेला धाग्याचे फास लोंबतात. टेन्शनची चारही बटणं फिरवून पाहिली, आता शिलाई आणखी बिघडली. (डोंबिवली)

उत्तर : चारही एकदम फिरवली की कशाने काय झालं ते कळत नाही. सगळी बटणं ४ वर किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्यावर आणा. चार धागे चार वेगळ्या रंगांचे घ्या, पण जाडी एकच ठेवा. सुती कापडाची दुहेरी पट्टी घेऊन १५ सें.मी. शिवा. मग एकच बटण एका आकड्याने बदला, पुन्हा शिवा आणि आकडा पट्टीवर लिहून ठेवा. एका दुपारच्या या कामाने जे समजतं, ते कितीही वाचून समजत नाही. हा सराव जरूर करा.

पट्टी वाचायची कशी? दोन्ही लूपरचे धागे बरोबर कापडाच्या धारेवर भेटले पाहिजेत. वरच्या लूपरचा रंग खालच्या बाजूला ओढला गेला असेल, तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा जास्त घट्ट. खालच्याचा रंग वर दिसला, तर याच्या उलट. सुईचा धागा खालच्या बाजूला मोठ्या फासांनी दिसत असेल किंवा शिवण उघडून धरल्यावर दात विचकत असेल, तर सुईचं टेन्शन वाढवा. फास दोन्ही बाजूंनी धारेबाहेर लोंबत असतील, तर दोन्ही लूपर थोडे घट्ट करा. तरीही लोंबले तर पातं कापड जास्त कापतं आहे, कापण्याची रुंदी, म्हणजे शिवणीपासून पात्यापर्यंतचं अंतर, वाढवा. उलट कड आत गुंडाळली जात असेल, तर लूपर सैल करा किंवा ती रुंदी कमी करा.

प्रश्न : होजिअरीच्या टी-शर्टची शिवण लाटांसारखी होते. (नाशिक)

उत्तर : फुटाखाली कापड ताणलं जातं आहे. ओव्हरलॉकला पुढे आणि मागे असे कापड सरकवणाऱ्या दात्यांचे दोन संच असतात. डिफरन्शियल फीड, म्हणजे या दोन संचांच्या चालीचं प्रमाण, १ वर असलं की दोन्ही सारखे चालतात. आकडा वाढवला की पुढचे दाते जास्त कापड आत ढकलतात आणि ताण निघून जातो. होजिअरीला १.३ पासून सुरू करून लाट जाईपर्यंत वाढवा. शिफॉनसारखं पातळ कापड चुणत असेल, तर ०.७-०.८ करा. कापड हाताने मागून ओढू नका. साध्या तीनधागी मशीनना ही सोय बहुधा नसते. तिथे फुटाचा दाब कमी करून कापड पुढून सैल सोडत जायचं.

प्रश्न : ब्लाऊजची बाजूची शिवण थेट ओव्हरलॉकवर घातली. माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सगळी कापली गेली, आता ब्लाऊज उसवून मोठा करता येत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : ब्लाऊजची शिवण साध्या मशीनवरच घाला. ओव्हरलॉक तिथे फक्त कड बांधण्यासाठी वापरायचं. तीन धाग्यांची जाळी न ताणणाऱ्या कापडावर ताण झेलायला पुरत नाही, घट्ट ब्लाऊजमध्ये ती फाकते. कापून झाल्याबरोबर, जोडण्याआधी, एकेका भागाची कड बांधून घ्या. खण, सॅटिन, जरीचं कापड यांचे धागे भराभर सुटतात, तिथे तर उशीर नकोच. कापडाची धार पात्याला जेमतेम लागेल अशी चालवा, म्हणजे नुसती कुसं निघतील. वरचं पातं बंद करता येत असेल, तर बंदच करा. मग बाजूला इंच-दीड इंच माया ठेवून शिवण घाला. मुंढ्याला एवढी माया लागत नाही. तिथे बाही जोडून दोन्ही कडा एकत्र बांधल्या तरी चालतं.

टाचण्या पात्याच्या वाटेत कधीही ठेवू नका. लावायच्याच असतील, तर धारेपासून इंचभर आत, शिवणीला समांतर लावा. टाचणीवर आपटलेलं पातं त्यानंतर कापड कापत नाही, चावतं.

प्रश्न : ओव्हरलॉकवर उलटी शिलाई नसते. मग शेवट पक्का कसा करायचा? (पणजी)

उत्तर : कापड संपल्यावर १० सें.मी. साखळी चालू द्या आणि मग कापा. जाड नेढ्याच्या सुईत ती ओवून जाळीखालून दोन-तीन सें.मी. मागे घाला, उरलेली छाटून टाका. ज्या टोकावरून पुढे दुसरी शिवण जाणार आहे, तिथे एवढंही करावं लागत नाही.