तारीख धर, मग गवई बघ

चि. मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी फाईल मिळाली, दोनदा वाचली. तीन दिवसांचा महोत्सव, नऊ कार्यक्रम, दोन मोठे गवई, एक फ्यूजन बँड, खाऊगल्ली आणि सेल्फी पॉइंट. खर्चाचा आकडा बघून चष्मा पुसला आणि परत बघितला, तर शून्यं तेवढीच होती. पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'सांगली-मिरजेत पुण्यासारखं काहीतरी सुरू व्हायला हवं.' मी तिथंच अडलो, म्हणून फोन न करता हे पत्र.

पुण्याचं म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाचं म्हणत असशील, तर त्याचं मूळ आपल्या मिरजेत आहे, बाबा. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी 1953 साली पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ गाणं सुरू केलं. शिष्यानं गुरूसाठी धरलेला नेम होता तो. तंबू, खुर्च्या, जाहिराती हे सगळं मागाहून आलं. तुझ्या फाईलमध्ये तंबू आहे, नेम कुठं दिसला नाही.

आपल्याकडं जे टिकलंय ते बघ. खाँसाहेब 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यात एका रेल्वे स्टेशनवर वारले, आणि त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवलं. तेव्हापासून उरुसात तिथं गाणं होतं. गाणारा येतो तो 'हजेरी लावायला'. हा शब्द नीट ऐक. बिदागीसाठी येणारा माणूस आणि हजेरीला येणारा माणूस एकच असला, तरी गाणं वेगळं होतं. मी दोन्ही ऐकलंय. त्याच उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे तुला माहीत असेलच. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते सांगणारे दहा जण दहा गोष्टी सांगतील, पण मान कुणाचा यावर वाद नाही. मिरजेच्याच अंबाबाईच्या देवळातला नवरात्रातला संगीत महोत्सव तसाच. आणि पलूस तालुक्यातलं औदुंबर. कवी सुधांशूंच्या गावात दर संक्रांतीला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरतं. पत्रिका आली नाही म्हणून तिथं कुणी जायचं राहत नाही, कारण संक्रांत कधी आहे हे कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच, की आधी तारीख धर. गवई, बँड, मांडव मागाहून. तारीख अशी हवी की रिक्षावाल्यालाही सांगता यावी. पाच नोव्हेंबर, रंगभूमी दिन, म्हटलं की भावे नाट्यमंदिर आणि विष्णुदास भावे गौरवपदक, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 'जानेवारीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, कलाकारांच्या उपलब्धतेनुसार' असं तू लिहिलंयस. कलाकार जर तारीख ठरवणार असेल, तर तिसऱ्या वर्षी तुझे श्रोते तुला फोन करून विचारतील, यंदा आहे का रे? आणि चौथ्या वर्षी विचारायचेही नाहीत.

जुलै-ऑगस्ट सोडून दे, हे सांगायची गरज नाही. 2005, 2019, 2021, महापुराची सालं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली 45 फुटांना धोका, 2019 ला पाणी 57 फुटांवर चढलं होतं. आमच्या मंडळाची दोन कपाटं, जुन्या पत्रिका आणि कॅसेटी त्या पाण्यात गेल्या. वाळवायला पत्र्यावर घातलेल्या फिती अजून डोळ्यांसमोर आहेत. सामान कायम पहिल्या मजल्याच्या वर ठेव, तळमजला कुणी फुकट दिला तरी घेऊ नको. गणपतीतही नको, आपल्याकडं चतुर्थीच्या आधीच चोर गणपती येतो, पाचव्या दिवशी संस्थानचा गणपती निघतो, मिरजेच्या विसर्जनाला रात्र पुरत नाही. त्या गर्दीत तुझ्या ठुमरीला कोण विचारतो? नोव्हेंबर अखेरीस राज्य नाट्य स्पर्धा असते, हौशी मंडळी तालमीत अडकलेली असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा असल्या की आईबाप घराबाहेर पडत नाहीत. एवढं सगळं खोडून जे उरेल त्यातून निवड. फार उरत नाही, पण उरतं.

पैशांचं. तुझ्या फाईलीत 'मुख्य प्रायोजक' या एका ओळीवर ऐंशी टक्के भार आहे. आम्हीही एका वर्षी असंच केलं होतं. एका बड्या आसामीनं तोंडी शब्द दिला, आम्ही त्यांचं नाव छापून पत्रिका वाटल्या, आणि आठ दिवस आधी निरोप आला की यंदा जमत नाही. मी पतपेढीतनं कर्ज काढलं, घरी सहा महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा काय झालं ते लिहीत नाही.

यातही आपल्या गावाची जुनी गोष्ट आहे. 1842 च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ते बघितले आणि विष्णू अमृत भाव्यांना म्हणाले, असं मराठीत कर. 5 नोव्हेंबर 1843 ला 'सीतास्वयंवर' झालं. हा भाग सगळे भाषणात सांगतात. पुढचा कमी सांगतात. 1851 ला आप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं, मुलुख फिरले, आणि 1853 ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मराठी नाटक राजवाड्यात जन्मलं खरं, पण जगलं ते तिकिटावर. मला विचारशील तर रंगभूमी दिनाला नारळ फोडताना ही दुसरी गोष्ट जास्त आठवावी.

तू दोनशे माणसं शोध जी वर्षाला हजार रुपये देतील. दोन लाख झाले. एवढ्यात तीन दिवस होणार नाहीत, एक संध्याकाळ उत्तम होईल. फुकट पास वाटू नको. पास घेतलेला माणूस पाऊस आला तर येत नाही, तिकीट काढलेला छत्री घेऊन येतो. आणि त्या दोनशेंची नावं वहीत लिहून ठेव, कोण कुठं बसतं, कुणाला गुडघ्यामुळं खुर्ची लागते, कोण मिरजेहून येतं. मिरज-सांगली दहा किलोमीटर, पण रात्री साडेनऊनंतर वडाप, म्हणजे शेअर गाडी, मिळत नाही म्हणून अर्धं सभागृह उठतं हे मी वर्षानुवर्षं बघितलं. शेवटी आम्ही दोन गाड्या ठरवल्या. त्या वर्षापासून भैरवीला माणसं दिसायला लागली.

आता माझी एक फजिती ऐक, कारण तू पहिल्या संध्याकाळी सात सत्कार ठेवलेत.

पंधराएक वर्षं झाली. शाळेचं पटांगण, डिसेंबरचा गारठा. एक ज्येष्ठ गायिका आल्या होत्या, रेल्वेनं, बारा तासांचा प्रवास करून. कार्यक्रम साडेसहाचा. पाहुणे आले सव्वासातला. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यानं तीन वेळा विझलेलं. स्वागतगीत. अकरा जणांना शाल-श्रीफळ. एका पाहुण्यांनी 'मला संगीतातलं काही कळत नाही' अशी सुरुवात करून चाळीस मिनिटं ते सिद्ध केलं. या सगळ्या वेळात दोन तंबोरे लावून विंगेत ठेवलेले होते, एकावर हॅलोजनचा झोत, दुसऱ्यावर बाहेरचा वारा. बाई बसल्या तेव्हा दोन्ही उतरलेले. त्या शांतपणे परत जुळवायला लागल्या. लोकांत चुळबूळ. सव्वानऊला षड्ज लागला. दहाला दहा मिनिटं कमी असताना हवालदार मंचाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, त्याचंही बरोबरच, उघड्यावर दहानंतर कर्णा चालत नाही. बाईंनी विलंबित आवरतं घेतलं, द्रुतच्या चार आवर्तनांत संपवलं, नमस्कार केला. जाताना मला एवढंच म्हणाल्या, 'नारळ फार छान होते हो.'

तेव्हापासून आमच्याकडं सत्कार नाही. पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवतो, चहा देतो. दोघे-तिघे कायमचे रुसले. रुसू देत.

त्याच रात्री मी आणखी एक चूक केली, ती कुणाला दिसली नाही. तबलजी आपल्याच गावचा होता, म्हणून त्याच्या पाकिटात अर्धेच घातले. 'घरचा आहेस, समजून घे.' त्यानं घेतलं समजून. पुढच्या वर्षी त्याला कोल्हापुरात कार्यक्रम होता. नंतर दरवर्षीच कुठं ना कुठं होता. बाहेरच्या माणसाला मानधन आणि घरच्याला नारळ, हा आपल्यासारख्या गावांचा खास रोग आहे. पहिलं पाकीट साथीदाराचं भर, ध्वनिवाल्याचं दुसरं. उरलं त्यात गवई बसतो का बघ.

मोठं नाव नको असं मी म्हणत नाही. पण आधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन ये. तू इथं वाढलास आणि फाईलीत त्या गल्लीची एक ओळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरातून ही कारागिरी आली. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, चार दिवस कौतुक झालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वर्षभर टांगून वाळवतात. मी एकदा दुपारभर फक्त जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढताना बघत बसलो होतो. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायचा, अगदी दोन-तीन वेळा, तार चढवायचा, छेडायचा, मान हलवून परत उतरवायचा. असं किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एकदम त्या सुरातून दुसरा सूर उगवला. तो माझ्याकडं बघून हसला, मी उगाच घड्याळ बघितलं, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून. तुझा सेल्फी पॉइंट काढून टाक आणि तिथं एका कारागिराला बसव, रोजचा त्याचा हजेरीपगार देऊन. लोक बँडपेक्षा जास्त वेळ तिथं थांबतील. पैज लाव.

एक नाजूक गोष्ट. 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेत एका स्वागतकमानीवरून दंगल पेटली, ते तू लहानपणी बघितलं असशील. ज्या गावात उरुसाला सगळे जातात त्याच गावात हेही झालं. परवानगीचा कागद पोलीस ठाण्यात मिळतो, पण जिथं मांडव घालणार त्या गल्लीतल्या चार घरांत आधी स्वतः जा. चहा घे. देवळाच्या आरतीची वेळ, अजानची वेळ, दोन्ही कार्यक्रमपत्रिकेत धरून मध्यंतर ठेव. याला काही मोठं नाव देऊ नको, शेजारधर्म म्हणून कर.

फ्यूजन बँड राहू दे की नको, ते तू ठरव. मला त्यातलं कळत नाही, आणि वर सांगितलेल्या पाहुण्यासारखं मला चाळीस मिनिटं बोलायचं नाही.

पहिल्या वर्षी पन्नासच माणसं आली तर लाजू नको, सतरंज्या जवळजवळ अंथर. मोकळी जागा दिसली की गाणाऱ्याचा आवाज पडतो.

रविवारी सकाळी नऊला मिरजेत ये, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. दोघं मिळून तंबोऱ्याची जोडी बघू, भाड्यानं मिळते का विचारू. फाईल आणू नकोस, वही आण.

तुझा,
काका

ता. क. आमच्या मंडळाच्या एकवीस सतरंज्या माझ्या माळ्यावर आहेत, पुरातून वाचलेल्या. दोन उंदरांनी खाल्ल्यात. बाकीच्या ने, पण उन्हं दाखवून ने.