बोरिवली ते लोअर परळ: पहिल्या महिन्यासाठी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

राहणं बोरिवलीत आणि ऑफिस लोअर परळला, म्हणजे मुंबईच्या लोकलबद्दल जो तो तुला सांगेल, फास्ट (निवडक स्टेशनांवरच थांबणारी) पकड आणि दादरला बदल. सकाळी तरी हे ऐकू नकोस. लोअर परळला फास्ट थांबत नाही. दादरचा जिना चढून उतरायचा, मग भरलेल्या स्लोत (सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीत) घुसायचं, यात वाचलेली मिनिटं तिथेच संपतात. बोरिवलीहूनच सुटणारी चर्चगेट स्लो घे. जागा मिळावी म्हणून आधीच्या स्टेशनांवरून उलट्या दिशेने बोरिवलीपर्यंत बसून आलेले लोक आत असतीलच, पण धड उभं राहायला जागा मिळते. तसं उलटं जाऊन बसून यायचं तुझ्या मनात आलं, तर पासही जिथपर्यंत उलटा जाशील त्या स्टेशनापासूनचा काढावा लागतो.

बॅग पोटावर घे. खरी कसोटी दादरला आहे. तिथे अर्धा डबा उतरतो आणि दाराशी उभा असलास तर तुलाही खेचून नेतो. म्हणून दादर सुटेपर्यंत दोन सीटांच्या मधल्या जागेत आत राहा. दादर सुटलं की लगेच पुढे सरक, कारण मध्ये फक्त प्रभादेवी आहे. पुढच्याला विचार, "लोअर परळ?" तो उतरणार नसेल तर स्वतःच जागा देतो. फलाट कुठल्या बाजूला येतो तेही त्यालाच विचार.

संध्याकाळी लोअर परळहून सरळ बोरिवली स्लो. घाई असेल आणि दादरला बदललंसच, तर बोरिवली फास्ट घे; विरार फास्टमध्ये चढू नकोस. तिथे दारातले सगळे पुढे जाणारे असतात, बोरिवलीला उतरणं अवघड होतं. फलाटावरच्या इंडिकेटरवर डबे किती तेही बघ. गाडी १२ डब्यांची असताना १५ डब्यांच्या टोकाला उभा राहिलास, तर ती अलीकडेच थांबते आणि पळावं लागतं. दारात लटकू नकोस. पुढची गाडी काही मिनिटांत येते.

खाण्याचं थोडक्यात. वडापाव घेताना पाटीकडे नाही, कढईकडे बघ. वडे आत्ता तळून निघत असतील तरच थांब. परातीत रचून ठेवलेल्या वड्याचं आवरण मऊ पडतं आणि तेल सुटतं. लसणीची सुकी चटणी मागून घे. पावसाळ्यात पातळ हिरवी चटणी टाळ, तिच्यातलं पाणी कुठलं ते आपल्याला कळत नाही. रोज रात्री मात्र पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या नगावर आणि पावशेर भाजी घे. एकट्या माणसाला पोटभर होतं, आणि पोटही ठीक राहतं.

पावसाळ्यात सकाळी भरतीची वेळ बघूनच निघ. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, असं असेल तर समुद्र पाणी घेत नाही, रुळांवर साचतं. अशा दिवशी साहेबांना सांगून लवकर निघ. गाड्या थांबल्याच तर लोअर परळला रिक्षा मिळत नाही, ती वांद्र्याच्या दक्षिणेला चालतच नाही. बेस्टची बस किंवा टॅक्सी, एवढंच हाताशी असतं. रविवारी कुठे जायचं असेल तर शनिवारी रात्रीच ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठे आहे ते बघून ठेव.