मखराला कापड चिकटवायला स्प्रेचा गोंद माजघरात मारला तर चालेल का? शेजारीच समई असते.

नाही, माजघरात अजिबात नको. त्या डब्यात गोंद ढकलायला बहुधा प्रोपेन-ब्युटेनसारखा, म्हणजे आपल्या सिलिंडरमधलाच गॅस असतो, आणि गोंद पातळ ठेवणारं द्रावकही पेट घेणारं. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, म्हणून चार हात लांबची समई किंवा चूलसुद्धा तिला पुरते. भाद्रपदात पाऊस असतो म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो, तिथेच खरा धोका आहे.

काम पडवीत करा, वारा पाठीवर घेऊन. विडी-उदबत्ती काही पेटलेलं नको, मुलांना लांब ठेवा. कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. डोकं जड झालं तर लगेच मोकळ्या हवेत या.

आपल्याकडच्या दमट हवेत गोंद उशिरा सुकतो. वास पूर्ण जाईपर्यंत मखर आत नेऊ नका. मी तर आदल्या दिवशीच उरकतो. रिकामा डबा चुलीत टाकू नका, फुटतो.