नव्या पिकअपमधील नकोशा सोयी बंद कराव्यात का?

प्रश्न : माझा मंडप-सजावटीचा व्यवसाय असून नुकतीच डबल केबिनची नवी पिकअप घेतली आहे. सिग्नलला थांबलो की इंजिन आपोआप बंद होते. शेजारच्या सीटवर फुलांचे क्रेट ठेवले की सीटबेल्टचा बीप थांबत नाही. आणि पावसाळा लागल्यापासून मागे काही नसतानाही रिव्हर्स सेन्सर वाजतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा एक वायरमन थोडक्या पैशांत हे सगळे ‘कट’ करून देतो म्हणतो. करून घ्यावे का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : वायरिंगला कात्री लावू देऊ नका. तिन्ही तक्रारी रास्त आहेत, पण त्यांपैकी एकीसाठीही वायर कापण्याची गरज नाही.

इंजिन बंद होण्याची सोय कंपनीनेच ऐच्छिक ठेवलेली असते. डॅशबोर्डवर गोल बाणात ‘ए’ अक्षर असलेले बटण दाबले की ती बंद होते, मात्र बहुतेक गाड्यांत पुन्हा चावी फिरवली की ती आपोआप चालू होते. तेव्हा गाडी सुरू करताच ते बटण दाबण्याची सवय लावून घ्यावी. गिअर हाताने टाकायचा असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आणून क्लच सोडल्यावरच इंजिन थांबते. म्हणून सायन सर्कलसारख्या ठिकाणी गाडी इंचाइंचाने सरकत असताना क्लच दाबलेला राहिला तर ते चालूच राहते, पण बराच वेळ थांबावे लागणाऱ्या सिग्नलला असे करू नये, क्लचचे बेअरिंग झिजते. ही सोय वापरत नसलात तरी बॅटरी बदलताना कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची घ्या, साधी स्वस्त बॅटरी नको.

सीटबेल्टच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. सीटखालचा सेन्सर वजन ओळखतो, माणूस की क्रेट हे त्याला कळत नाही. क्रेटभोवतीच बेल्ट लावा. बीप थांबेल आणि अचानक ब्रेक मारल्यास क्रेट पुढेही येणार नाही. बाजारात मिळणारी नुसती क्लिप बकलमध्ये खोचू नका. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिप हटवण्याचा आदेश दिला होता. त्या क्लिपच्या भरवशावर माणूस बेल्टविना बसला तर एअरबॅगचे संरक्षण अपुरे पडते, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार एक हजार रुपये दंड आहेच. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅग यंत्रणेचे समजावेत. वायरमन नेमका तिथेच हात घालण्याची शक्यता अधिक, आणि कनेक्टर निघाला की एअरबॅगचा दिवा पेटतो, वॉरंटीचा वादही उभा राहतो.

रिव्हर्स सेन्सर बहुधा बिघडलेला नाही. बंपरवरच्या गोल टिकल्यांवर चिखलाचा थर साचला की ध्वनिलहरी तिथूनच परततात आणि अडथळा असल्याचा भास होतो. ओल्या मऊ फडक्याने टिकल्या पुसा. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा फवारा तिथे जवळून मारू देऊ नका. बांबू किंवा पाइप मागे बाहेर आलेले असतील तर तेही सेन्सर पकडू शकतो, आणि तेवढ्यापुरता आवाज बंद करण्याचे बटण काही गाड्यांत असते. पुसूनही बीप येतच राहिला तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून घ्या आणि तक्रार तोंडी न सांगता जॉब कार्डवर लिहून घ्या.