बार्नेकलचे डिंभ जागा कशी निवडतात?

प्रश्न : ओहोटीच्या वेळी आमच्या किनाऱ्यावरील एका खडकावर बार्नेकलची पांढरी, खरखरीत कवचे इतकी दाट दिसतात की अनवाणी पाय टेकवता येत नाही, चार पावलांवरचा दुसरा खडक मात्र जवळजवळ मोकळा असतो. बार्नेकल जन्मभर एकाच जागी चिकटून राहतात, असे वाचले आहे. मग ती जागा ते स्वतः निवडतात, की लाट नेईल तिथे चिकटतात? (एक वाचक, मालवण)

उत्तर : या प्रवासात लाटेचा वाटा मोठा असला, तरी शेवटचा निर्णय लाटेचा नसतो. अंड्यातून बाहेर पडलेला बार्नेकलचा डिंभ, म्हणजे त्याची बालावस्था, प्रौढ बार्नेकलसारखा मुळीच दिसत नाही. ‘नॉप्लियस’ या रूपात एकामागून एक सहा टप्पे पार करताना तो पाण्यात तरंगत असतो आणि या काळात त्याला कोठे न्यायचे, हे मुख्यतः प्रवाहच ठरवतात. त्यानंतरचे रूप ‘सायप्रिस’. सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीच्या या डिंभाला अन्न घेता येत नाही. अंगात साठवलेल्या स्निग्ध पदार्थांची शिदोरी संपण्यापूर्वी कायमची जागा शोधणे, एवढे एकच काम त्याच्यापुढे उरलेले असते.

हा शोध सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा असतो. सायप्रिस डोक्याकडील दोन शृंगिकांवर, म्हणजे मिशांसारख्या अवयवांवर, अक्षरशः चालतो : एक टेकवायची, तात्पुरत्या चिकट स्रावाने धरून ठेवायची, मग दुसरी पुढे टाकायची. सुरुवातीला तो बराचसा सरळ जातो. जागा बरी वाटू लागली की पावले आखूड होतात, वळणे वाढतात आणि तेवढाच भाग तो पुन्हा पुन्हा चाचपतो. खाचा आणि खळगे त्याला गुळगुळीत पृष्ठापेक्षा अधिक मानवतात. जागा पसंत पडली नाही, तर पकड सोडून तो पुन्हा पोहू लागतो. पसंत पडली, तर मात्र शृंगिकांतून कायमचे सिमेंट बाहेर पडते आणि त्यानंतर चूक सुधारण्याची सोय उरत नाही.

या चाचपणीत सर्वांत महत्त्वाची ठरते ती स्वजातीयांची खूण. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ नाइट-जोन्स यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, आधीच बार्नेकल बसलेल्या पृष्ठावर, इतकेच नव्हे तर बार्नेकल काढून टाकल्यावर मागे राहिलेल्या त्यांच्या बुडांच्या अवशेषांवरही, सायप्रिस अधिक संख्येने बसतात. ही खूण म्हणजे प्रौढांच्या अंगावरील विशिष्ट प्रथिने आहेत, हे पुढे सिद्ध झाले. शोध घेत फिरणाऱ्या सायप्रिसच्या ‘पाउलखुणां’तही तसेच प्रथिन आढळले, त्यामुळे आधी येऊन गेलेला डिंभ मागून येणाऱ्याला नकळत वाट दाखवतो. या गर्दीमागचे कारण साधे आहे. बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असले, तरी फलन सहसा शेजाऱ्याशीच होते. आणि ज्याला जागचे हलता येत नाही, त्याचा शेजारी हाताच्या अंतरावरच हवा. मला यात विशेष वाटते ते हे की, गर्दी शोधणारा हाच डिंभ बसताना शेजाऱ्याला अगदी खेटत नाही, जमेल तेवढे अंतर राखतो.

इतर समुद्री प्राण्यांचे निकष वेगळे आहेत. कालवांचे डिंभ जुन्या कालवांच्या शिंपांवर आवडीने बसतात आणि प्रवाळांचे अनेक डिंभ खडकावर चुनखडीसारखा थर धरणाऱ्या गुलाबी शैवालाकडे ओढले जातात. हायड्रॉइडिस एलेगन्स या नळीत राहणाऱ्या कृमीच्या डिंभांना रूपांतराचा इशारा चक्क जीवाणूंकडून मिळतो. पाण्यात बुडालेल्या कोणत्याही वस्तूवर जीवाणूंचा बुळबुळीत थर लवकरच जमतो, आणि होडीचे नवे बूडही अशा रीतीने डिंभांच्या दृष्टीने ‘जुने’ होते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बार्नेकलच्या डिंभांवर जे दीर्घकाळ संशोधन झाले आहे, त्याचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

तरीही, मोकळा खडक डिंभांनी नाकारलाच असेल, असा निष्कर्ष लगेच काढू नये. अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर केलेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यातच दिसणाऱ्या एका जातीचे डिंभ खालच्या पट्ट्यातही बसत असल्याचे आढळले. तेथे वेगाने वाढणारी दुसरी जात त्यांना दाबून वा उखडून मारत होती. आपल्याला उत्सुकता असेल, तर दोन्ही खडकांवर एकसारखे खरबरीत कौलाचे तुकडे पक्के बसवावेत आणि दर आठवड्याला भिंगाने पाहावे. दोन्ही तुकड्यांवर इवले बार्नेकल सारख्याच संख्येने आले, तर पाणी दोन्हीकडे डिंभ आणते आहे आणि फरक खडकाच्या पृष्ठात किंवा नंतरच्या मरणात आहे, असे समजावे. एकाच तुकड्यावर आले, तर बहुधा प्रवाहच दुसऱ्या खडकाकडे डिंभ पोहोचवत नसावा.