जाम झालेलं जुनं डिझेल इंजिन सोडवताना

आधी हँडलला जोर लावणं थांबवा. इंजिनच जाम आहे की त्याला जोडलेला पंप? पट्टा काढून बघा, कधी कधी तिथेच उलगडा होतो. मुंबईच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या मशीनमध्ये बहुधा सायलेन्सरमधून पाणी शिरतं आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. तेलाविना चालवल्यामुळे जाम झालं असेल तर औषधपाणी पुरत नाही, खोलावंच लागतं.

इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, एकूण 100 मिली, आत ओता. अ‍ॅसिटोन प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळेल. मिश्रण लगेच फाटतं, म्हणून ओतताना हलवत राहा. ते पेट घेतं, जवळपास विडीसुद्धा नको. चार-पाच दिवस मुरू द्या, रोज थोडी भर घाला. आडव्या सिलिंडरमध्ये हे खालच्याच बाजूला साचतं, तिथे हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, काढणं बरं.

मग फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) दोन्ही दिशांना हलकं झुलवा. केसभर हललं तरी काम झालंच म्हणा. हेड काढलं असेल तर पिस्टनवर सागवानी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. लोखंड थेट कधीच नाही. पिस्टन अगदी वर किंवा तळाला असेल तर ठोकू नका, क्रँक फिरत नाही, मार बेअरिंगला बसतो.

सुटल्यावर घाईने चालू करू नका. हेड बसवलं तरी इंजेक्टर बाहेरच ठेवून हाताने दहा-बारा फेरे द्या. द्रव दाबला जात नाही. आत राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. खालचं तेलही बदला, अ‍ॅसिटोन त्यात उतरलेलं असतं.